‘रेकॉर्ड सापडत नाही’ एवढं ऐकून परतू नका

सरकारी कचेरीत माणूस हेलपाटे घालतो ते बहुतेक वेळा एखाद्या जुन्या कागदासाठी. आजोबांच्या नावचा फेरफार, पणजोबांच्या जन्माची कोतवाल बुकातली नोंद, पन्नास वर्षांपूर्वी मिळालेली बिनशेती परवानगी, वडिलांचं सेवापुस्तक. त्या एका कागदावाचून जात पडताळणी अडते, वारसनोंद अडते, पेन्शन अडते. आणि खिडकीपलीकडून येणारं उत्तर सिंधुदुर्गापासून गडचिरोलीपर्यंत सारखंच असतं : “रेकॉर्ड सापडत नाही. पुढच्या आठवड्यात बघा.”

पुढचा आठवडा म्हणता म्हणता पुढचं वर्ष उजाडतं. म्हणून हे सांगणं आहे ते या उत्तरानंतर काय करायचं, याबद्दल.

सगळ्यात आधी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. सरकारी कागद बेवारस नसतो. महाराष्ट्रात ‘महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, 2005’ नावाचा कायदा आहे. केंद्राच्या 1993 च्या सार्वजनिक अभिलेख कायद्याच्या धर्तीवर तो केलेला आहे. या कायद्यानुसार अभिलेख तयार करणाऱ्या प्रत्येक सरकारी यंत्रणेनं आपल्याच अधिकाऱ्यांपैकी एकाला ‘अभिलेख अधिकारी’ म्हणून नेमायचं असतं. कागद नीट लावणं, त्यांची सूची करणं, ते किती वर्षं ठेवायचे हे ठरवणं, मुदत संपलेले रीतसर काढून टाकणं आणि कायम जपायचे ते पुराभिलेख संचालनालयाकडे सोपवणं, ही त्याची कामं. कागद परस्पर बाहेर गेला, फाडला गेला, त्यात खाडाखोड झाली, तर तो परत मिळवण्यासाठी तातडीनं हालचाल करणं आणि तसं वर कळवणं, हीदेखील त्याचीच जबाबदारी.

माहिती अधिकाराचा कायदा आला तेव्हा जन माहिती अधिकारी या पदाचा गवगवा झाला. दारावर पाटी लागली, नाव लागलं, लोकांच्या तोंडी ते पद बसलं. अभिलेख अधिकाऱ्याच्या नशिबी ते आलं नाही. बऱ्याच कचेऱ्यांत “इथले अभिलेख अधिकारी कोण?” असं विचारलंत तर समोरचा कारकून बुचकळ्यात पडतो, आणि कधी कधी ज्या साहेबांच्या नावानं नेमणुकीचा आदेश निघालेला असतो तेही पडतात. पण आदेश कुठेतरी असतो, किंवा असायला हवा. तो मागा. तुमच्या कामाची सुरुवात तिथून होते, कारण जन माहिती अधिकारी म्हणू शकतो की मला मिळालं नाही म्हणून मी दिलं नाही. अभिलेख अधिकाऱ्याला ती पळवाट नाही. ते मिळेल अशा अवस्थेत ठेवणं हेच त्याचं काम आहे.

रेकॉर्ड रूम बघितली नसेल तर एकदा बघून घ्या, म्हणजे पुढचं सगळं नीट कळेल. तहसील कार्यालयाची असेल तर मांडणी सहसा गाववार. लोखंडी रॅकवर कापडात बांधलेले गठ्ठे, ज्यांना पेशवाईपासून चालत आलेलं रुमाल हेच नाव अजूनही आहे. प्रत्येक रुमालाला गावाचं नाव आणि वर्ष लिहिलेली चिठ्ठी. आत पातळ, पिवळे पडलेले कागद, काठाशी वाळवीनं खाल्लेले, मधे कुठेतरी एखाद्या मामलेदाराची जांभळ्या शाईतली सही. रुमालाची गाठ सैल असेल तर समजावं की हा कोणीतरी अलीकडे उघडलाय. चिठ्ठी गळून पडली असेल तर समजावं की या रुमालातला प्रत्येक कागद आजपासून ‘सापडत नाही’ या सदरात गेला, मग तो तिथेच असला तरी. कागद हरवण्याच्या निम्म्या तक्रारींचं मूळ चोरीत किंवा आगीत नसून या चिठ्ठीत आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

आत येणाऱ्या कागदाचे वर्गही ठरलेले असतात. अ वर्ग म्हणजे कायम ठेवायचा. ब वर्ग तीस वर्षं. क-1 दहा वर्षं, क पाच वर्षं आणि ड एक वर्ष. प्रकरण निकाली निघालं की संबंधित कारकुनानं त्याला वर्ग द्यायचा, पानांना क्रमांक घालायचे, यादी करायची आणि अभिलेख कक्षाकडे पाठवायचं. महाराष्ट्रातल्या कार्यालयांत जी सहा गठ्ठे पद्धत शिकवली जाते, तिच्यात एक गठ्ठा अभिलेख कक्षाकडे जायच्या प्रकरणांचा आणि एक गठ्ठा नष्ट करायच्या कागदांचा असतो तो यासाठीच. कागदावर ही पद्धत इतकी चोख आहे की तिच्यात कागद हरवायला जागाच नाही. प्रत्यक्षात हरवतो तो टेबल आणि अभिलेख कक्ष यांच्या मधे. कारकुनाची बदली होते, कार्यभार देताना प्रकरणांची यादी घाईत होते किंवा होतच नाही, आणि गठ्ठा कपाटाच्या माथ्यावर जाऊन बसतो. तुम्ही अभिलेख कक्षात विचारता, तिथे तो कधी आलेलाच नसतो. तिथला माणूस खरं बोलतोय आणि तुमचा कागदही त्याच इमारतीत आहे, असं दोन्ही एकाच वेळी असू शकतं.

म्हणून नुसतं “सापडत नाही” हे ऐकून घेऊ नका. नियमानं सरकारी कागदाचं तीनपैकी काहीतरी एकच होऊ शकतं. तो कार्यालयात आहे, किंवा दुसऱ्या कार्यालयाकडे गेला आहे, किंवा मुदत संपल्यावर नष्ट केला आहे. या तिन्हींची वहीत नोंद असते. पाठवला असेल तर जावक क्रमांक आणि समोरच्याची पोच असते. नष्ट केला असेल तर नष्ट केलेल्या कागदांची यादी आणि वरिष्ठांची मंजुरी असते. “सापडत नाही” हे या तिन्हींतलं एकही नाही. अनुभवी कारकून तुमच्या अर्जावर “सदर अभिलेख या कार्यालयात आढळून येत नाही” असं लिहितो, पण “नष्ट करण्यात आला” असं चुकूनही लिहीत नाही. कारण नष्ट केला म्हटलं की पुढचा प्रश्न येतो : कोणाच्या आदेशानं? ठरलेली रीत सोडून अभिलेख नष्ट केल्यास सार्वजनिक अभिलेख कायद्यात पाच वर्षांपर्यंत कारावास, दहा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. ‘आढळून येत नाही’मध्ये कोणीच अडकत नाही. तुम्ही सोडून.

आता प्रत्यक्ष काय करायचं ते सांगतो.

आधी साधा नक्कल अर्ज द्या. फेरफार, जुना सातबारा, मोजणीचे कागद, कोतवाल बुकातली नोंद यांसाठी माहितीच्या अधिकारापेक्षा नकलेचा अर्ज बरा, कारण त्यावर मिळणारी प्रमाणित प्रत कोर्टात आणि पडताळणी समितीपुढे सरळ चालते. बारनिशीत, म्हणजे आवक-जावक शाखेत, अर्ज देऊन पोच घ्या. पोच म्हणजे शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक. “ठेवून जा, बघतो” यावर विश्वास ठेवून अर्ज टेबलावर ठेवून येणाऱ्याचा अर्ज हाच पुढे सापडत नाही. महसूल खात्याचे पुष्कळसे जुने सातबारे आणि फेरफार आता स्कॅन होऊन ‘आपले अभिलेख’ या शासकीय संकेतस्थळावर आले आहेत. तालुक्याला जाण्याआधी तिथे एकदा पाहा, एखादवेळेस एसटीचे पैसे वाचतील.

लेखी उत्तर ‘आढळून येत नाही’ असं आलं, किंवा काहीच आलं नाही, की मग माहितीच्या अधिकाराचा अर्ज. इथे लोक चुकतात ते मजकुरात. दोन पानं अन्यायाची हकीकत लिहितात आणि शेवटी “मला न्याय मिळावा” म्हणतात. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि साधारण 150 शब्दांच्या आत हवा, असा नियम आहे, आणि या कायद्यात कारणं, खुलासे नव्हे तर कागद मागायचे असतात. “माझी फाईल का सापडत नाही?” हा प्रश्न तिथे चालत नाही. समजा तुम्हाला 1975 च्या सुमाराचं एक बिनशेती प्रकरण हवंय. मग अर्ज असा लिहा :

“विषय : मौजे अमुक, तालुका अमुक, सर्व्हे नंबर अमुक येथील 1974 ते 1976 या काळातील बिनशेती परवानगीचे प्रकरण. (1) या प्रकरणाची नोंद असलेल्या कार्यविवरण नोंदवहीच्या पानाची प्रत. (2) प्रकरण अभिलेख कक्षात जमा केल्याच्या यादीची किंवा नोंदवहीच्या पानाची प्रत. (3) प्रकरणास दिलेला अभिलेख वर्ग दर्शविणाऱ्या नोंदीची प्रत. (4) प्रकरण अन्य कार्यालयास दिले असल्यास जावक नोंद व पोच यांच्या प्रती. (5) नष्ट केले असल्यास नष्ट केलेल्या अभिलेखांची यादी व मंजुरी आदेश यांच्या प्रती. (6) या कार्यालयात अभिलेख अधिकारी नेमल्याच्या आदेशाची प्रत. (7) वरील नोंदवह्या प्रत्यक्ष पाहण्याची परवानगी.”

एवढंच. एक शब्द जास्त नको. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला तोही लागत नाही, दाखल्याची प्रत जोडा. तीस दिवसांत उत्तर यायला हवं. चुकीच्या कार्यालयात अर्ज गेला तर तो पाच दिवसांत योग्य कार्यालयाकडे पाठवणं त्यांच्यावर बंधनकारक आहे, “आमच्याकडे येत नाही” म्हणून परत करणं चालत नाही. शेवटची मागणी, प्रत्यक्ष पाहण्याची, कधीही गाळू नका. नोंदवही समोर उघडली की पुष्कळदा कळतं की तुमचं प्रकरण शेजारच्या गावच्या नावाखाली लागलंय, किंवा सर्व्हे नंबर बदलून गट नंबर आला त्या वर्षी नोंद दुसऱ्या वहीत गेली. हे टेबलामागच्या माणसाला शोधायला वेळ नसतो. तुम्हाला असतो.

उत्तर समाधानकारक नसेल तर तीस दिवसांत पहिलं अपील करा. ते त्याच कार्यालयातल्या वरिष्ठ अधिकाऱ्यापुढे चालतं, म्हणून लोक त्याला नाक मुरडतात. पण दुसरं अपील राज्य माहिती आयोगापुढे जातं आणि तिथे सुनावणीची तारीख लागायला महिनोन्‌महिने लागतात, तेव्हा खरा जोर पहिल्या अपिलातच लावा. त्यात दोन गोष्टी स्पष्ट मागा : शोध कोणी, कोणत्या तारखेला, कोणत्या कपाटात घेतला याचा लेखी अहवाल, आणि प्रकरण गहाळ असेल तर जबाबदारी निश्चित करण्याची कारवाई. याला आधार आहे. दिल्ली उच्च न्यायालयानं 2013 मध्ये भारत सरकार विरुद्ध विश्वास भांबुरकर या प्रकरणात म्हटलं आहे की सरकारकडे एकेकाळी असलेली माहिती केवळ सापडत नाही एवढ्यावर नाकारता येत नाही. कसून शोध घ्यायला हवा, आणि तरी मिळाली नाही तर जबाबदार कोण ते ठरवायला हवं. माहितीच्या अधिकाराच्या कायद्यातही, अभिलेख कसे ठेवावेत याबाबत कार्यालयाला आदेश देण्याचा आणि अर्जदाराला नुकसानभरपाई देववण्याचा अधिकार आयोगाला आहे. मागितलेली माहिती मुद्दाम नष्ट करणाऱ्या माहिती अधिकाऱ्याला पंचवीस हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

कायद्याचा धाक दाखवा असं सांगतोय म्हणून दुसरी बाजूही सांगायला हवी. अभिलेख कक्षात बसलेला माणूस बहुतेक वेळा तुमचा शत्रू नसतो. जिन्याखालची खोली, पावसाळ्यात गळणारी भिंत, एक ट्यूबलाइट आणि वर तीन टेबलांचा अतिरिक्त कार्यभार, अशा अवस्थेत तो असतो. पुष्कळ खात्यांत ‘रेकॉर्डला टाकणं’ ही शिक्षा समजली जाते, आणि जे काम शिक्षा म्हणून दिलं जातं ते कोण मन लावून करील? त्याच्यापुढे “1960 ते 1980 मधलं आमच्या घराण्याचं सगळं काढून द्या” असं म्हणणाऱ्याला काहीच मिळत नाही. गाव, सर्व्हे नंबर, वर्ष आणि कागदाचा प्रकार एका चिठ्ठीवर लिहून नेणाऱ्याला अर्ध्या तासात मिळून जातं. शिवाय आवाज चढवला की खिडकी बंद होते, हे तुम्हालाही माहीत आहे. तेव्हा चढवू नका. चिठ्ठी द्या, खुर्ची मिळाली तर बसा, आणि तो रुमाल सोडत असेल तर दुसरं टोक धरा.

कागद खरोखरच गेला असेल तर? तरी हात टेकू नका. सरकारी कागदाची एकच प्रत असणं विरळा. तो कुठून निघाला आणि कुठे कुठे फिरला, याचा माग काढा. फेरफार तलाठ्याच्या दप्तरात असतो, जुन्या वह्या तालुक्याला असतात. मोजणीचा नकाशा भूमी अभिलेख खात्याकडे असतो. कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना 14, त्यातल्या जुन्या जन्ममृत्यूच्या नोंदी तहसीलच्या अभिलेख कक्षात मिळतात, आणि त्या नसतील तर त्याच पिढीतल्या चुलत आजोबांचं नाव शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये सापडतं. बिनशेती आदेशाची प्रत नगररचना विभागाकडे गेलेली असते, सोसायटीच्या दप्तरात असते, बँकेकडे कर्जप्रकरणात असते. 21 जून 2012 ला मंत्रालयाला आग लागली आणि फायलींची मोठी हानी झाली, तेव्हा प्रश्न हाच आला, आणि जळालेल्या फायली पुन्हा उभ्या करायला आधार घ्यावा लागला तो जिल्ह्यांतल्या आणि खालच्या कार्यालयांतल्या प्रतींचा. सरकारला जे करावं लागलं ते तुम्हीही करू शकता. कार्यालयाला लेखी मागणी करा की अन्य कार्यालयांतल्या प्रतींवरून प्रकरणाची पुनर्बांधणी करावी, आणि त्या प्रती कुठे आहेत ते तुम्हीच शोधून द्या.

आपल्या राज्याची जडणघडण अशी आहे की प्रांताप्रमाणे कागदाचं नाव बदलतं, ते ध्यानात ठेवा. मराठवाड्यात निजामाचं राज्य होतं, तेव्हा तिथलं जुनं रेकॉर्ड उर्दू-फारसीत, आणि स्वातंत्र्यानंतरचं पहिलं ठोस कागदपत्र म्हणजे 1954-55 चं खासरा पाहणी पत्रक. विदर्भ 1956 पर्यंत मध्य प्रांतात आणि पुढे मध्य प्रदेशात होता, तिथे अधिकार अभिलेख मागा. पश्चिम महाराष्ट्रात आणि कोकणात जुन्या नोंदी मोडीत. मोडी वाचता येत नाही म्हणून घरातली पत्र्याची पेटी उघडून न पाहणारी कुटुंबं अजूनही आहेत. पुराभिलेख संचालनालय मोडीचे प्रशिक्षण वर्ग घेतं आणि मोडी वाचून देणारी जाणती माणसंही आहेत. चौकशी करा, पण नोंदीचं लिप्यंतर कोणाकडून करून घ्यायचं, कोणाचं चालेल, हे आधी पडताळणी समितीला विचारून घ्या.

गोव्याकडच्या वाचकांसाठी एक जाता जाता. तिथे नेमलेला अभिलेख अधिकारी ही काही अलीकडची गोष्ट नाही. पोर्तुगीज राजानं 1595 मध्ये दियोगो दो कोतो या बखरकाराला गोव्याच्या दफ्तराचा रखवालदार नेमलं होतं. पणजीचं आजचं पुराभिलेखागार आपली परंपरा तिथपर्यंत नेतं. इकडे मुंबईचं सरकारी रेकॉर्ड ऑफिस 1821 चं, काळा घोड्याच्या एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत. पुण्याचं पेशवे दफ्तर तर इतकं जपून ठेवलेलं होतं की ते इतिहास संशोधकांनाही वर्षानुवर्षं उघडं नव्हतं. इतिहासकार वि. का. राजवाड्यांनी खेडोपाडी फिरून लोकांच्या माळ्यांवरची दफ्तरं गोळा केली, आणि सरकारी दफ्तरातले निवडक कागद गो. स. सरदेसायांच्या संपादनाखाली 45 खंडांत छापून आले ते 1930 पासून पुढे. मात्र 1852 च्या कायद्यानं इनाम कमिशनला अधिकार मिळाले, तेव्हा इनामदारांच्या सनदा तपासायला सरकारनं हेच दफ्तर वापरलं होतं. ज्याला आपली सनद सिद्ध करता आली नाही त्याचं इनाम गेलं. दफ्तर राज्यकर्त्याला उघडं आणि रयतेला बंद, ही सवय जुनी आहे. माहितीच्या अधिकारानं ती मोडायला घेतली, पण कुलपाची किल्ली अजून जिथे होती तिथेच आहे.

शोधायचं मनावर घेतलं की काय सापडतं, याचं अलीकडचं उदाहरण सगळ्यांच्या डोळ्यांपुढे आहे. 2023 मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीनं कुणबी नोंदी शोधायचं काम हाती घेतलं. मराठा आरक्षणाच्या वादात मला इथे शिरायचं नाही. पण तहसील, शाळा, नगरपालिका, भूमी अभिलेख, दुय्यम निबंधक, पोलीस, कारागृह अशा सगळ्यांचे जुने रुमाल बाहेर निघाले. मोडी वाचणाऱ्यांना बोलावणी आली. समिती हैदराबादलाही जाऊन आली. आणि लाखो नोंदी मिळाल्या. जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर त्या गाववार चढवल्या गेल्या. त्या नोंदी 2023 मध्ये जन्माला आलेल्या नव्हत्या. त्या दशकानुदशकं त्याच कपाटांत होत्या. तेव्हा तुमच्या गावाच्या नोंदी आता संकेतस्थळावर आहेत का, हे जातीचा प्रश्न नसला तरी एकदा पाहा. आजोबांचं नाव, त्यांच्या वडिलांचं नाव, साल, एवढं तरी हाती लागेल.

याच्याच पाठोपाठ एक इशारा. कोतवाल बुकात नोंद ‘करून देतो’ म्हणणारे दलाल या काळात उगवले. जुन्या वहीच्या मोकळ्या जागेत जुन्यासारख्या शाईनं एक ओळ घातली की झालं, असं ते सांगतात. त्यांच्या नादी लागू नका. पडताळणी समितीचं दक्षता पथक मूळ वही मागवतं आणि शाई, हस्ताक्षर, आधीच्या-नंतरच्या नोंदींचा क्रम पाहतं. बनावट ठरलं तर प्रमाणपत्र जातं, त्यावर मिळालेली नोकरी किंवा प्रवेश जातो, आणि गुन्हा दाखल होतो. दलाल तोवर दुसऱ्या तालुक्यात असतो. मूळ वहीत तुमच्या घराण्याची खरी नोंद असेल तर ती तुम्हाला नकलेच्या चार पैशांत मिळायला हवी, आणि नसेल तर ती पैसे देऊन घडवू नये.

ज्या वाचकांच्या हाती स्वतःच कार्यभार आहे, म्हणजे ग्रामसेवक, तलाठी, शाळेचे मुख्याध्यापक, सोसायटीचे सचिव, त्यांना दोनच गोष्टींची विनंती. बदली झाली की यादी करून, पानं मोजून, दोघांच्या सह्यांनिशी दप्तर सोपवा, मग नवा माणूस घाई करो की न करो. आणि शाळेचं जनरल रजिस्टर जीर्ण झालं असेल तर त्याची नवी प्रत करताना मूळ रजिस्टर फेकू नका. नव्या प्रतीला मूळ वहीशिवाय किंमत नाही, आणि तुमच्या शाळेच्या 1930 सालच्या पानावर आज एखाद्या मुलीचं मेडिकलचं शिक्षण अवलंबून असू शकतं.

बाकी सगळ्यांना सांगायचं ते एवढंच. गरज पडेपर्यंत थांबू नका. गरज पडते तेव्हा मुदत पंधरा दिवसांची असते आणि कागद पन्नास वर्षांपूर्वीचा. घरातल्या जमिनीचे फेरफार, आजोबांपर्यंतच्या जन्माच्या नोंदी, शाळा सोडल्याचे दाखले यांच्या प्रमाणित प्रती निवांतपणे काढून ठेवा. सामान्य प्रशासन विभागाच्या 26 नोव्हेंबर 2018 च्या निर्णयानुसार जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद, महानगरपालिका अशा ठिकाणी दर सोमवारी दुपारी तीन ते पाच या वेळेत नागरिकांना अभिलेख पाहायला खुले ठेवायचे आहेत. सुट्टी असेल तर पुढच्या कामाच्या दिवशी. या निर्णयाचा फायदा घ्यायला माणसं कमी जातात, म्हणून तो कार्यालयालाही विसरायला होतो. येत्या सोमवारी जा. गाव, सर्व्हे नंबर आणि वर्ष लिहिलेली चिठ्ठी न्या, ओळखपत्र न्या, आणि आत गेल्यावर पहिल्यांदा विचारा : इथले अभिलेख अधिकारी कोण?